मोठे मोटारघर चालवायला शिकताना

मोटारघर म्हणजे बसण्याची, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची कायमची सोय असलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी. मागे जोडून ओढत न्यायचे घर ही वेगळी जात, आणि ते चालवण्याची तऱ्हाही वेगळी. भारतात अशा गाड्यांच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, त्यात त्यांना ‘मोटर कॅराव्हॅन’ म्हटले आहे. इथल्या मोटारघरांचे ढोबळमानाने दोन आकार. छोटे असते ते ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनवर बांधलेले, पाच ते सात मीटर लांबीचे. मोठे असते ते बसच्या किंवा ट्रकच्या चॅसीवर चढवलेले. ते नऊपासून बारा मीटरपर्यंत जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून दोन्ही आकारांची चर्चा वाढली. पण त्या चर्चेत गाडीतला पलंग, फ्रीज आणि शॉवर यांचेच कौतुक जास्त होते. ती चालवणार कोण आणि तो शिकला कुठे, हा प्रश्न मागे राहतो.

मुंबईत मोटारघर आले ते सहलीसाठी नव्हे, सिनेमासाठी. कलाकारांना रंगभूषेसाठी आणि विश्रांतीसाठी चाकांवरची खोली देण्याची पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळली आणि त्या व्यवसायाच्या प्रारंभाशी अभिनेत्री पूनम ढिल्लाँ यांचे नाव जोडले जाते. व्हॅनिटी व्हॅन हे त्या खोलीचे नाव. राज्य शासनाची चित्रनगरी १९७७ मध्ये गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीला खेटून उभी राहिली. २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळके यांचे नाव मिळाले. त्यामुळे आरेतल्या आणि आसपासच्या रस्त्यांवरून पहाटे किंवा रात्री उशिरा सरकणाऱ्या लांबलचक पांढऱ्या व्हॅन हे उपनगरातले नेहमीचे दृश्य आहे. मोटारघराचा मराठी मुलखातला सगळ्यात जुना आणि सलग अनुभव कुणाच्या गाठीशी असेल, तर तो या व्हॅनच्या चालकांच्या. मात्र व्हॅनिटीचा चालक रोज तीच गाडी चालवतो. हौसेने मोटारघर घेणारा किंवा भाड्याने नेणारा गृहस्थ एरवी वर्षभर छोटी मोटार चालवतो आणि मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत एकदम आठ-दहा मीटरची गाडी हाती घेतो. शिक्षणाचा खरा प्रश्न त्याचा आहे.

कायदा या प्रश्नाकडे वजनाच्या नजरेने पाहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात मोडते. त्यापुढे १२,००० किलोपर्यंत मध्यम, आणि त्याहून वर जड. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या २००४च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. भाड्याने चालणारी गाडी परिवहन वाहन ठरते. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी चालकाचे वय किमान २० लागते आणि शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हातात असावा लागतो. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोच्या आतले परिवहन वाहन चालवता येते की नाही, यावर न्यायालयांत बरीच वर्षे खल चालला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चालवता येते असा निर्वाळा दिला. विम्याच्या दाव्यांवरची टांगती तलवार त्यामुळे दूर झाली, हे चांगलेच झाले. पण व्यवहारात याचा अर्थ असा की, काल छोट्या मोटारीवर चाचणी दिलेला माणूस आज सात टनांचे घर घेऊन महामार्गावर उतरू शकतो.

बाहेरच्या देशांतही चित्र फार वेगळे नाही. ब्रिटनमध्ये साध्या मोटारीचा परवाना ३,५०० किलोपर्यंत चालतो, त्यापुढे ७,५०० पर्यंत ‘सी-१’ हा वर्ग लागतो. १ जानेवारी १९९७ पूर्वी चाचणी उत्तीर्ण झालेल्यांना तो हक्क आपोआप आहे. न्यूझीलंडमध्ये साध्या परवान्याची मर्यादा ६,००० किलो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घरगुती वापराच्या मोटारघराला व्यावसायिक परवाना लागत नाही, त्यामुळे तिथली मराठी कुटुंबे ग्रँड कॅन्यनला जाताना नेहमीच्याच परवान्यावर मोठे मोटारघर भाड्याने घेतात. वजनाऐवजी लांबीकडे पाहणारा नियम कॅलिफोर्नियात सापडतो. तिथे ४० फुटांहून लांब मोटारघरासाठी वेगळा वर्ग आहे. हा नियम अधिक शहाणपणाचा, कारण नवशिक्याच्या हातून गाडी घासते किंवा कुणाला धक्का लागतो तो बहुतेक वेळा लांबी-रुंदीचा अंदाज चुकल्यामुळे.

शिक्षणाचे किमान तास ठरलेले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३१ नुसार बिगर-परिवहन वाहनासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास, तर परिवहन वाहनासाठी ३० दिवस आणि १५ तास. अभ्यासक्रमात जड वाहनाच्या सरावाबरोबर गाडीची निगा, आगीचे धोके आणि प्रथमोपचार हेही विषय आहेत. मोटारघराच्या दृष्टीने हे शेवटचे दोन विषय मोलाचे आहेत आणि नेमके तेच शिकवताना उरकले जातात. मोठी गाडी पद्धतशीर शिकवण्याची परंपरा राज्यात आहे ती सार्वजनिक वाहतुकीकडे. बेस्टचे प्रशिक्षण केंद्र दिंडोशीला, म्हणजे आरेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुण्यात भोसरीला १९६७ साली स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, म्हणजे सीआयआरटी, आहे. बसचालक घडवण्याच्या या रीतीतून मोटारघराच्या शिकाऊ चालकाला बरेच घेण्यासारखे आहे.

त्यातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वळणाचे गणित. गाडी वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. किती कापतात, हे पुढच्या आणि मागच्या आसांमधल्या अंतरावर ठरते. छोट्या मोटारीत हे अंतर सुमारे २.४ मीटर असते. तिच्या पुढच्या आसाचा मध्य १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरवला तर मागच्या आसाचा मध्य साधारण ९.७ मीटरच्या वर्तुळावर फिरतो. फरक जेमतेम फूटभर, तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. बारा मीटरच्या बस-चॅसीत हेच अंतर सहा मीटरच्या आसपास जाते. तिचा पुढचा आस त्याच १० मीटरच्या वर्तुळावर असेल तर मागचा आस ८ मीटरच्या वर्तुळावर येतो. म्हणजे मागची चाके चक्क दोन मीटर आत कापतात. डावीकडे वळताना या दोन मीटरांत फुटपाथचा कोपरा, पाण्याची टाकी, उभा असलेला माणूस किंवा आत घुसलेला दुचाकीस्वार येतो. आरेतल्या मुख्य रस्त्यावरून, दिनकरराव देसाई मार्गावरून, एखाद्या तबेल्याच्या युनिटकडे जाणाऱ्या अरुंद फाट्यावर डावीकडे वळायचे असेल, तर मोटारीच्या सवयीने स्टिअरिंग फिरवणाऱ्याचे मागचे चाक मातीत उतरलेच म्हणून समजावे.

यावर उपाय म्हणजे उशिरा वळणे. बस-चॅसीवरच्या बहुतेक गाड्यांत चालक पुढच्या चाकाच्याही पुढे बसतो. मोटारीत चालक त्या चाकाच्या मागे असतो. त्यामुळे मोटारीत जिथे स्टिअरिंग फिरवायला सुरुवात करायची, तिथून पुढे जावे लागते. आपण स्वतः वळणाचा कोपरा ओलांडून पुढे आलो, समोरचा पलीकडचा काठ जवळ येऊन भीती वाटू लागली, की मग पूर्ण वळवायचे. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो, कारण काचेबाहेर समोर रस्ता संपत आलेला दिसतो. सरावात हीच भीती मोडायची असते. डावे वळण घेण्याआधी गाडी उजवीकडे झोकून मोठा घेर घेणे हा मात्र चुकीचा मार्ग. डावीकडे पडलेली ती फट मागून येणाऱ्या रिक्षाला आणि दुचाकीला निमंत्रण ठरते. वळणाच्या शेवटी मोठा घेर घेतला तर ही फट पडत नाही.

आतल्या बाजूला मागची चाके कापतात, तर बाहेरच्या बाजूला गाडीची शेपूट झुलते. मागच्या आसामागे तीन-सव्वातीन मीटरचा भाग लोंबता असतो. वर दिलेल्या वळणात मागचा बाहेरचा कोपरा गाडीच्या मूळ रेषेबाहेर अर्ध्या मीटरहून थोडा जास्त येतो. उभ्या गाडीचे स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवून निघाले की डावा मागचा कोपरा बाजूच्या भिंतीवर, खांबावर किंवा शेजारी उभ्या गाडीवर जातो, आणि त्या वेळी चालकाचे लक्ष उजव्या आरशात असते. पेट्रोल पंपावर आणि टोलच्या केबिनपाशी होणारे ओरखडे बहुधा असेच होतात. चित्रनगरीत ओळीने उभ्या व्हॅनमधून आपली गाडी बाहेर काढताना अनुभवी चालक आधी गाडीची अर्धी लांबी सरळ पुढे घेतो, मगच वळवतो. नवशिक्याने एवढी एक सवय उचलली तरी गाडीचा रंग बराच काळ शाबूत राहील.

हे गणित अंगवळणी पाडण्याची जागा म्हणजे रिकामे मैदान. आरेची ख्याती पाहता पुष्कळांना वाटते की मोठी गाडीही तिथेच शिकावी. मोटार शिकण्यासाठी तिथले आतले रस्ते उपनगरवासीयांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत, एल पाटी लावलेली मोटार तिथे नवलाची नाही. पण १९४९ मध्ये वसवलेली ही दूध वसाहत म्हशींसाठी, चाऱ्याच्या गाड्यांसाठी आणि दुधाच्या वाहतुकीसाठी आखली गेली होती. रस्ते त्या मापाचे आहेत. बऱ्याच भागांत दुभाजक नाही, कडेला झाडे अगदी रस्त्याला टेकलेली, आणि मुख्य रस्त्यावर पवई-मरोळ ते गोरेगाव अशी आडवी वाहतूक दिवसभर वाहते. आदिवासी पाड्यांतली माणसे, शाळेची मुले, सकाळी फिरायला येणारे, बेस्टची बस, तबेल्यातून सुटलेली म्हैस असे सगळे त्या एकाच डांबरावर किंवा काँक्रीटवर असतात. रात्री यात बिबट्याचीही भर पडते. तेव्हा पहिले पाच-सात तास मैदानावर, खुणेचे शंकू मांडून: सरळ रेषेत पुढे-मागे, आठचा आकडा, शंकूंच्या फाटकातून जाणे, ठरलेल्या रेषेवर पुढचे आणि मागचे चाक थांबवणे. एका सोप्या सरावाने फार फायदा होतो. गाडी उभी करून खाली उतरायचे, मागच्या चाकामागे खडूने रेघ मारायची, पुन्हा आत बसून ती आरशात कुठे दिसते ते पाहायचे. मागच्या चाकाचा अंदाज एकदा आला की मग आरेचा रस्ता हाच पुढचा उत्तम वर्ग आहे. सकाळी उजेडात, कोरड्या दिवशी, शेजारी जाणता चालक बसवून.

पावसाळ्यात तोच रस्ता वेगळा होतो. कडेची माती भिजून मऊ झालेली असते, समोरून बस आली म्हणून डावी चाके खाली उतरवली तर सात-आठ टनांची गाडी एका बाजूला रुतते आणि कलते. अशा वेळी वाट देण्याची घाई करू नये. गाडी रस्त्यावरच थांबवावी आणि समोरच्याला यायला जागा कुठे आहे ते शांतपणे पाहावे. पाठीमागून हॉर्न वाजतील, वाजू द्यावेत.

आरसे हा मोटारघराचा मागचा डोळा, कारण मधला आरसा इथे निरुपयोगी असतो. मागे पलंग आणि कपाटे असतात. सपाट आरसा अंतर खरे दाखवतो पण थोडेच दाखवतो. फुगीर आरसा पुष्कळ दाखवतो, पण वस्तू आहे त्याहून दूर भासवतो. दोन्ही वेगवेगळ्या कामांसाठी वापरायला शिकावे लागते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून डाव्या दारालगतचा पट्टा सगळ्यात आंधळा. डावीकडून घुसणारे दुचाकीस्वार पाहता सिग्नलला निघण्यापूर्वी डावा फुगीर आरसा पाहणे हे क्लच दाबण्याइतके सवयीचे व्हायला हवे. मागचा कॅमेरा मदतीला येतो. मात्र चिखल उडाला की तो गेला, आणि वरच्या फांद्या तो दाखवत नाही.

मागे घेताना माणूस लागतो. ट्रक आणि बसच्या जगात हे काम क्लीनरचे. बोलीत त्याला किन्नर म्हणतात. ‘येऊ दे, येऊ दे’ ही हाळी मात्र जनरेटरच्या घरघरीत ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी ‘बस्स’ ऐकू येईपर्यंत वीतभर गाडी मागे गेलेली असते. कुटुंबाने निघण्याआधीच हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. खूण देणाऱ्याने उजव्या आरशात दिसेल असे, गाडीच्या मागच्या वाटेबाहेर उभे राहावे. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी तिथल्या तिथे थांबवायची, त्याला अपवाद नाही. शंका आली तर उतरून पाहणे यात कमीपणा नाही. वीस-वीस वर्षे व्हॅन चालवलेली माणसेही उतरतात.

वजनाचा परिणाम ब्रेकवर कळतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर आधीच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी २८ मीटर लागतात. भिजलेल्या रस्त्यावर पकड कमी झाली की एकूण अंतर ७० मीटरच्या पुढे जाते. शिवाय घराला सामान असते. पाण्याची २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, आणि ती अर्धी भरलेली असेल तर पाणी ब्रेकबरोबर पुढे हिसका देते. जड वस्तू मागच्या डिकीत कोंबल्या की पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते. पूर्ण सामान, पाणी आणि माणसांसह गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून घेणे हा काही रुपयांचा खर्च आहे. टायरमधली हवा त्या तोलानुसार ठेवावी.

घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की ते तापतात आणि त्यांची पकड जाते. बोरघाटातून खोपोलीकडे किंवा कसारा घाटातून खाली उतरताना चढाला लागेल तोच गिअर उतारालाही, आणि तो उतार सुरू होण्यापूर्वीच टाकलेला, हा जुना नियम अजून चुकलेला नाही. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो चालू ठेवायचा, पायाचा ब्रेक थोडा वेळ दाबून सोडायचा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा जिवाशी खेळ. हवेच्या ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद असताना ब्रेक वारंवार दाबले तर साठवलेली हवा संपते, हे मोटारीवरून आलेल्या चालकाला सांगितल्याशिवाय कळत नाही. निघण्यापूर्वी हवेच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात येऊ द्यायचा आणि गाडी हलताच मोकळ्या जागेत एकदा ब्रेक लावून पाहायचा.

एका प्रकारच्या गाडीवरून दुसऱ्यावर जाताना काय होऊ शकते, याची आठवण मुंबईला ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला झाली. बेस्टसाठी धावणारी भाडेतत्त्वावरची बारा मीटरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि अनेकांचा जीव गेला. त्या आकाराच्या, क्लच-गिअर नसलेल्या बसचा पुरेसा सराव चालकाला मिळाला होता का, हा मुद्दा नंतरच्या तपासात प्रकर्षाने पुढे आला. परदेशात भाड्याने मिळणारी मोटारघरे बहुतेक ऑटोमॅटिक असतात आणि भारतातही तशा गाड्या वाढत आहेत. डावा पाय मोकळा राहिला की गोंधळलेल्या क्षणी तो ब्रेक समजून काहीही दाबू शकतो. दोन्ही पेडल उजव्याच पायाने, डावा पाय कडेला टेकलेला, ही शिस्त रिकाम्या मैदानात घोटून घ्यावी. नवी गाडी हाती घेतल्यावर पहिला अर्धा तास थांबणे आणि निघणे, इतकेच करावे.

उंचीची सवय मोटारचालकाला मुळीच नसते. छतावर एसी, सौर पट्टी आणि गुंडाळलेला मांडव धरून बस-चॅसीवरचे घर तीन मीटरच्या सहज वर जाते. मोजलेली उंची मीटर आणि फूट दोन्हींत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी, कारण भुयारी मार्गांवरचे आणि वाहनतळांच्या दांड्यांवरचे फलक दोन्ही तऱ्हांचे असतात. आरेत फांद्या आणि लोंबत्या तारा यांचा त्रास डावीकडच्या वरच्या कोपऱ्याला होतो. रस्ता मोकळा असेल तेव्हा मध्याच्या जवळून जाणे बरे.

चालत्या घरात माणसांनी पट्टे असलेल्या आसनांवरच बसावे. पलंगावर झोपलेले मूल जोराच्या ब्रेकला पुढच्या कपाटावर जाते. निघण्याआधी गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, खिडक्या आणि छतावरची झडप बंद, पायरी आत, मांडव गुंडाळलेला, कपाटांची कडी लागलेली, टाकीत पाणी भरायची नळी काढलेली, विजेची वायर सोडवलेली, हे एकाने वाचून आणि दुसऱ्याने हात लावून तपासावे. उभी करताना जमीन सपाट असावी, नसेल तर चाकाखाली लाकडी ठोकळे. हँडब्रेक ओढूनही चाकांना दगड लावावेत. जनरेटर चालू ठेवून एसीत झोपण्याची सवय व्हॅनिटी व्हॅनमुळे रूढ झाली आहे. तिचा धोका केरळमध्ये वडकरा इथे डिसेंबर २०२४ मध्ये दिसला. रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले आणि जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपण्याच्या भागात त्याची सूचना देणारा गजर बसवणे, धुराड्याचे तोंड खिडकीपासून दूर आणि वारा वाहत जातो त्या दिशेला ठेवणे, आणि रात्री जनरेटर बंद करून खिडकी किलकिली ठेवणे ही पथ्ये चालकाला स्टिअरिंगइतकीच शिकवली गेली पाहिजेत.